हिच्या तपासणीला गेलो होतो

माझं लग्न झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि भिवंडीतल्या एका शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवत होते. माहेर कोन गावचं, सासर दापोड्याजवळच्या एका गावातलं. सासरे होते तोवर तिथे भात पिकायचा. मी गेले तेव्हा शेतांवर पत्र्याची गोदामं उभी होती आणि घर त्यांच्या भाड्यावर चालत होतं. घरात माणसं मोजकी. सासू, नवरा आणि धाकटी नणंद. नवरा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, देखणा, शांत. कमी बोलणारा माणूस समजूतदार असतो, असं मला तेव्हा वाटायचं. मी त्याला अहो-जाहो करायचे. आता लिहिताना तेवढा मान हातातून उतरत नाही.

लग्नानंतरचे पहिले दिवस पाहुण्यांत आणि देवदर्शनात गेले. नंतर तो रोज दमलेला असायचा. महिनाभराने त्याने प्रयत्न केला, झालं नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. त्याला इच्छा नव्हती असं नाही, शरीर साथ देत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एकदा तो पलंगाच्या कडेला बसून रडला आणि म्हणाला, "हे कोणाला बोलू नकोस. आईला तर नाहीच."

"नाही बोलणार," मी म्हणाले. मला त्याची दया आली होती. आज ती दया आठवली की माझाच मला राग येतो.

वर्ष झालं आणि सासूबाईंनी विचारायला सुरुवात केली. मग डॉक्टर सुरू झाले. तपासायच्या खोलीत सासूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. डॉक्टरबाई विचारायच्या, "संबंध व्यवस्थित आहेत ना?" आणि मी मान हलवायचे. दुसरं काय करणार होते? मग रक्त, सोनोग्राफी, गोळ्या, इंजेक्शनं. गोळ्यांनी माझं वजन वाढलं, तोंडावर पुटकुळ्या आल्या. दर आठवड्याला सुट्टी मागावी लागायची म्हणून शाळा सुटली. सासूबाईंनीच सोडायला लावली. "पोर झालं का परत जा," म्हणाल्या.

एकदा त्या मला डोंगराकडच्या पाड्यावर घेऊन गेल्या. तिथली एक म्हातारी झाडपाल्याचं औषध द्यायची. ती शेतावरून आली होती, पायांना चिखल होता. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, नाडी धरली आणि सासूबाई बाजूला बसलेल्या असताना सरळ विचारलं, "नवरा जवल येतो का गं?"

आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी मान हलवायला विसरले. म्हातारीने माझा हात सोडला आणि सासूबाईंना म्हणाली, "हिला काय न्हाय झालेलं. पोराला घेऊन ये."

सासूबाई उठल्या. आम्ही रिक्षाने परतलो. गावात शिरता शिरता एवढंच म्हणाल्या, "त्या लोकांना काय कलतं." पुन्हा त्या पाड्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मला वाटलं, त्यांना अपमान वाटला असेल. खरं कारण मला फार उशिरा समजलं.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर कल्याणच्या एका डॉक्टरबाईंनी मला आतून तपासलं. तपासता तपासता त्या थांबल्या. सासूबाईंना बाहेर बसायला सांगून त्यांनी दार लावलं.

"लग्नाला किती वर्षं झाली म्हणालात?"

"चार."

"मग चार वर्षं गोळ्या कशाला खाताय?" त्या चिडून बोलल्या, पण राग माझ्यावर नव्हता. कागदावर त्यांनी ठाण्याच्या एका मूत्रविकारतज्ज्ञाचं नाव लिहिलं. "उपचारांची गरज तुम्हाला नाही. मिस्टरांना पाठवा."

मिस्टर आठ महिने गेले नाहीत. त्याऐवजी तो भिवंडीत कुठल्या तरी हकिमाकडे गेला. तसल्या पाट्या तिकडे भिंतीभिंतीवर रंगवलेल्या असतात, हिंदीतून, शंभर टक्के गॅरंटीच्या. त्या गोळ्यांनी त्याला धडधड सुटायची, तोंड लाल व्हायचं आणि फायदा शून्य. मी कागदाची आठवण करून दिली की तो म्हणायचा, "बघू."

नणंदेचं लग्न त्याआधीच झालं होतं आणि दीड वर्षात तिला दिवस गेले होते. बाळंतपणासाठी ती माहेरी आली. त्या आठवड्यात तो आपण होऊन म्हणाला, "तो कागद दे."

ठाण्याचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. साखर नाही, हार्मोन ठीक, दारू-सिगारेट नाही. त्यांनी दोनदा डॉपलर केली, म्हणजे इंजेक्शन देऊन रक्ताचा प्रवाह मोजणारी सोनोग्राफी. दोन्ही वेळा आकडे अर्धवट आले. "तुम्ही इथे इतके घाबरता की भीतीनेच रक्त आखडतं," ते त्याला म्हणाले. "यात अडथळा किती आणि भीती किती, ते वेगळं करता येत नाही. एक जुनी तपासणी आहे, हल्ली फारशी कोणी करत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी औषध लावायचं आणि कॅमेऱ्याखाली बघायचं, रक्त आत किती वेगाने येतं, आलेलं टिकतं का. मुंबईत माझ्या ओळखीचे एक डॉक्टर करतात."

तारीख मिळाली ती नेमकी नणंदेच्या डोहाळजेवणाची. ती चुकली तर पुढची महिन्याभराने. तो म्हणाला, "सकाळी आठची वेळ आहे. चारपर्यंत येऊ परत." घरी त्याने सांगितलं की काम आहे, कल्याणला जातोय.

कशेळीच्या पुलावर कंटेनरांच्या रांगेत आम्ही पाऊण तास अडकलो. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. मी म्हणाले, "सगळं ठीक होईल." त्याने काच खाली केली, वर केली.

ते सेंटर तळघरात होतं. दारावर पिवळ्या पाटीवर काळ्या तीन पाकळ्यांचं चिन्ह. तिथल्या टेक्निशियनने त्याला आधी साधं इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटं बसवलं. मग शिशाचं जाड वेष्टण असलेल्या सिरिंजमध्ये त्याचंच थोडं रक्त ओढलं, त्यात ते औषध मिसळू दिलं आणि परत शिरेत सोडलं. मी दाराशी उभी होते. टेक्निशियन माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही प्रेग्नंट नाही ना? असाल तर इथे थांबता येणार नाही."

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

नवऱ्याने भिंतीकडे मान वळवली.

डॉक्टरांनी मला काचेपलीकडे बसू दिलं. बायको जवळ असली तर माणूस कमी घाबरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तो अरुंद खाटेवर उताणा पडला. कॅमेऱ्याचं मोठं चौकोनी डोकं खाली आलं आणि त्याच्या अंगापासून वीतभर अंतरावर थांबलं. माझ्या समोरच्या पडद्यावर ठिपके जमायला लागले. जिथे रक्त जास्त तिथे ठिपके दाट. हळूहळू कंबरेचा, मांड्यांचा आकार उमटला. पाच वर्षं मी ज्याच्या शेजारी झोपत होते त्याच्या आतलं रक्त मी बघत होते. मला ना लाज वाटली, ना दया. काय ते एकदा कळू दे, एवढंच मनात होतं.

मग डॉक्टर आत गेले आणि त्यांनी त्या जागी रक्तवाहिन्या फुलवणारं इंजेक्शन दिलं. त्याच्या पायाची बोटं आवळलेली मला काचेतून दिसली. बाहेर येऊन डॉक्टरांनी पडद्यावर एक गोल आखला आणि त्या गोलातल्या रक्ताची रेघ दाखवली. "आता ही रेघ चढायला हवी," ते म्हणाले. "निरोगी माणसात टेकडीसारखी चढते."

आम्ही दोघं त्या रेघेकडे बघत राहिलो. ती चढली, पण शेताच्या बांधाएवढी.

"रिपोर्ट आठवड्याने देतो," डॉक्टर म्हणाले. "पण मनाचा आजार म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही."

निघताना टेक्निशियनने एक छापील कागद दिला आणि तोंडी बजावलं. भरपूर पाणी प्या. उद्या सकाळपर्यंत गरोदर बाई आणि लहान मुलांच्या जवळ बसू नका. घरात कोणी आहे का गरोदर?

"बहीण," नवरा म्हणाला.

"मग लांब राहा. एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

गाडीत मी म्हणाले, "आज घरी नको. गोदामावरच्या ऑफिसात झोपू. आईंना फोन करून सांगा, अडकलोय म्हणून."

"मी तोंड दाखवून लगेच निघेन," तो म्हणाला. "नाही गेलो तर हजार प्रश्न विचारतील."

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात मांडव होता आणि गावातल्या बायका जमल्या होत्या. नणंद हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत खुर्चीवर बसली होती. भावाने शेजारी बसून पेढा भरवायचा, फोटो काढायचा, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. तिने त्याला बघितलं आणि हात पुढे केला. "दादा, किती उशीर! ये, बस इथे."

तो दोन पावलं पुढे गेला. मी त्याचा दंड धरला. सगळ्यांनी ते बघितलं.

"काय गो?" सासूबाई जागेवरून ओरडल्या. "भावाला भैनीजवल जाऊ देत न्हाय? एवढं पोटात दुखतंय तुला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. ताप आहे, खोकला आहे, कसलीही थाप. त्याने मांडवातल्या बायकांकडे बघितलं. मग माझ्या हातातून दंड सोडवून घेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हिच्या तपासणीला गेलो होतो. हिच्या अंगात किरणांचं इंजेक्शन घातलंय. गरोदर बाईजवळ जायचं नाही, लहान मुलांजवळ पण नाही. गाडीत मी हिच्या शेजारी बसलोय, म्हणून मी पण लांब राहतो. उद्या सकाळपर्यंत."

बायका मागे सरकल्या. एकीने मांडीवरचं पोर छातीशी घेतलं आणि उठून आत गेली. एक म्हातारी म्हणाली, "अशा अंगानं आलीच कशाला इथं?" नणंदेने पदर पोटावर ओढून घेतला. तिला दोष नाही देणार मी, तिला काय माहीत.

मी बोलू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. पण पन्नास बायका माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यातली एकही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, हे मला तेव्हाच दिसलं. शिवाय "नाही बोलणार" असं मी म्हटलं होतं. शब्द पाळण्याचा मला तेव्हा अभिमान होता. मी वळले आणि गाडीत जाऊन बसले.

गोदामावर पोचल्यावर तो म्हणाला, "पटकन दुसरं काही सुचलं नाही."

"खूप छान सुचलं," मी म्हणाले.

तो बाटलीमागून बाटली पाणी पीत होता. मी त्याच्यापासून लांब, खिडकीखाली चटई टाकली. मी गरोदर नव्हते, मला लांब राहायची गरज नव्हती. तरी राहिले.

आठवड्याने रिपोर्ट आला. तो घेऊन आम्ही ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. आलेलं रक्त टिकतंय, म्हणजे शिरांतून गळती नाही. पण रक्त आत येतच नाही पुरेसं. धमनीत अडथळा आहे. या वयात, साखर नसताना असं होतं ते बहुतेक जुन्या माराने. "कधी पडला होतात? मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी मार?"

"नाही," तो म्हणाला.

"नीट आठवा. मोटारसायकल, सायकल, कुंपण?"

मग तो म्हणाला, "एकोणिसाव्या वर्षी गाडी ठोकली होती. पेट्रोलच्या टाकीवर आपटलो होतो. पण ते बरं झालं होतं."

डॉक्टर म्हणाले, हा प्रकार ऑपरेशनने सुधारू शकतो. पोटातली एक धमनी खाली आणून जोडायची. खात्री देत नाही, पण तुमचं वय आणि बाकी तब्येत बघता संधी चांगली आहे. नुसतं मूल हवं असेल तर त्याचेही वेगळे मार्ग आहेत. "चार-पाच दिवस दवाखान्यात, मग दीड-दोन महिने जपायचं."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दोन महिने घरात काय सांगायचं?"

त्या दिवशी मी शब्द मोडला. संध्याकाळी सासूबाई चुलीपुढे भाकरी भाजत होत्या. आमच्याकडे गॅस होता, पण भाकरी त्या चुलीवरच करायच्या. मी त्यांच्या समोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. तपासणी कोणाची होती, रेघ किती चढली, डॉक्टर काय म्हणाले. त्या भाकरी थापत राहिल्या. अपघाताचा विषय आला तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय माहीत आहे?"

"गाडीवरून पडला तवा लघवीतून रगत जात होतं आठ दिस. मीच शेकत होते. डॉक्टर बोल्लेला, पुढं तरास होईल, मोठ्या दवाखान्यात दाखवा. आमी न्हाय दाखवलं. तरणा पोरगा, लोक काय बोल्ले असते?"

"मग लग्न कशाला केलंत त्यांचं?"

"लगीन झालं का ठीक होईल वाटलं."

"आणि मला गोळ्या खायला घातल्यात? माझी शाळा सोडवलीत? त्या दिवशी अंगणात…"

"तू बाईमानूस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं त्या बोलत होत्या. "बाईला चार लोक बोल्ले तर खपतं. बाप्याला एकदा बोल्ले का तो संपला." मग त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

पाड्यावरच्या म्हातारीपुढून त्या का उठल्या, ते मला तेव्हा कळलं.

मी नवऱ्याला एकच गोष्ट मागितली. ऑपरेशन करा की नका करू, तुमच्या बहिणीला खरं सांगा. फक्त तिला. तो "सांगतो" म्हणाला. तिचं बाळंतपण झालं, बारसं झालं. बारशाला बाळ पाळण्यात घालताना मला पाळण्याजवळ बोलावलं नाही. सगळ्या माझ्यापासून थोडं अंतर ठेवून होत्या, जणू ते इंजेक्शन अजून माझ्या अंगात होतं. तो दाराशी उभा राहून हे बघत होता. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरून कोनला गेले.

भाऊ रिपोर्ट घेऊन वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, एवढा कागद पुरे आहे, लग्नच रद्दबातल होईल. मी नको म्हणाले. भावाला वाटलं, माझा जीव अजून तिकडे आहे. तसं काही नव्हतं. कोर्टात तो कागद वाचला गेला असता तर दोन्ही गावची माणसं येऊन बसली असती आणि त्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं. पाच वर्षं ही कशी राहिली, हिने काय केलं असेल, कोणाबरोबर. मला पुन्हा कोणाच्या नजरेखाली उभं राहायचं नव्हतं. घटस्फोटाच्या अर्जात लिहिलं की स्वभाव जुळत नाहीत. दोघांनी सह्या केल्या.

मला दुसऱ्या शाळेत नोकरी मिळाली. त्याने वर्षभरात दुसरं लग्न केलं. मुलीकडच्यांनी माझ्याकडे कधी चौकशी केली नाही आणि मीही गेले नाही सांगायला. हे माझ्याकडून झालेलं पाप आहे. तेव्हा मी स्वतःला सांगत होते की आता माझा काय संबंध.

दीड वर्षाने एका दुपारी, मधल्या सुट्टीत मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, तुम्ही मला ओळखत नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. "मी तुमच्या जागी आलेय."

मी वर्गाबाहेर गेले. मग ती म्हणाली, "एक विचारू? राग नका मानू. तुमच्या वेळेला… पण असंच होतं का?"

"हो," मी म्हणाले. "असंच होतं."

तिचा श्वास ऐकू आला. मी तिला सगळं सांगितलं. अपघात, तपासणी, ऑपरेशन, ठाण्याच्या डॉक्टरांचं नाव. मधेच ती म्हणाली, "आई मला गोळ्या देतायत."

"त्या गोळ्या फेकून दे," मी म्हणाले. "आणि गप्प राहायचं वचन कोणाला देऊ नकोस."

रिपोर्टची झेरॉक्स माझ्याकडे होती. तिने पत्ता दिला, माहेरचा. मी कुरिअरने पाठवली. पुन्हा तिचा फोन आला नाही.

पुढचं मला कोनमध्ये भावजयीकडून कळलं. ती मुलगी माझ्यासारखी गप्प बसली नव्हती. बाप आणि दोन काकांना घेऊन ती सासरी गेली, ओटीवर बसली आणि तो कागद सासूसमोर ठेवला. ऑपरेशन कर, नाहीतर उद्या हाच कागद गावात फिरेल, असं तिने सरळ सांगितलं. महिन्याभरात त्याने ऑपरेशन करून घेतलं. गावात सांगितलं, हर्नियाचं. माझ्या वेळी त्याला हा शब्द सुचला नव्हता.

मागच्या वर्षी त्यांना मुलगी झाली.

परवा भाजी बाजारात सासरच्या गावातली एक बाई भेटली. डोहाळजेवणाला ती मांडवात होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. "काय करनार बाय," ती म्हणाली. "त्याला दुसरीपासून पोर झालं. म्हंजे दोष कोनात होता ते कललंच ना सगल्यांना. तू मनाला लावून घेऊ नको."

"नाही घेत," मी म्हणाले.

त्यांची मुलगी आता चालायला लागली असेल. तिच्याबद्दल मला चांगलं वाटायला हवं. ती जन्मावी म्हणून मीही काहीतरी केलं आहे, आणि तिचा यात काय दोष. मी रोज स्वतःला हे सांगते. अजून वाटत नाही.